टाचणीची साक्ष

मुलांची रहस्यकथा हाती आली की मी प्रथम एकच गोष्ट पाहतो : लेखकाने वाचकाशी लबाडी तर केली नाही ना? एरिख केस्टनर या जर्मन लेखकाची, एमिल व त्याच्या बालगुप्तहेर मित्रांची १९२९ सालची कादंबरी या कसोटीला बहुतांशी उतरते. बर्लिनला निघालेला एमिल १४० मार्कांच्या नोटा कोटाच्या अस्तराला टाचणीने टाचून ठेवतो. आगगाडीत त्या चोरीस जातात. आणि अखेर बँकेत टाचणीची भोकेच चोराविरुद्ध साक्ष देतात. पुरावा आरंभापासून आपल्यासमोर असतो. आपणच त्याकडे दुर्लक्ष करतो. एमिल पोलिसांकडे का जात नाही, याचे कारणही बालमनाला धरून आहे. गावातील पुतळ्याला त्याने लाल नाक आणि मिशा रंगविलेल्या असतात!

मात्र हा चोर पुढे बँक लुटणारा दरोडेखोर निघतो आणि एमिलला १००० मार्कांचे बक्षीस मिळते, तेथे मी अडखळतो. विधवा आईने केशरचनेच्या व्यवसायात कष्टाने मिळविलेले पैसे परत आले, हे काय थोडे झाले? हा आक्षेप मी वर्गात मांडला, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "पण सर, ते हजार मार्क मिळाले तेव्हा मला फार बरे वाटले." त्याला द्यावयाचे उत्तर मला अद्याप सुचलेले नाही.