जांभळाचा मध

जांभळाचे झाड तुमच्या चांगल्या ओळखीचे आहे. लहानपणी त्याच्याखाली जीभ जांभळी करून घेतली नाही असा वाचक सापडणे कठीण. पण त्याचे फूल कधी निरखून पाहिले आहे का? मार्च-एप्रिलमध्ये फांद्यांवर हिरवट पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात. पाकळ्या बघता बघता गळतात आणि उरतो तो नुसता पुंकेसरांचा कुंचला. त्या दिवसांत झाडाखाली जरा उभे राहा. वर सातेरी माशीची गुणगुण ऐकू येईल. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाआधी मिळणारा गडद रंगाचा, किंचित कडसर चवीचा मध तो हाच.

याच मधाची एक बाटली आमच्या थोरल्या मामांनी घाटातल्या एका दुकानातून आणली. मामांना मधुमेह. दुकानदार म्हणाला, "काका, जांभळाचा आहे. साखरेवर औषध आहे हे." मामांना पटले. न पटायला काय झाले? जांभळाच्या बियांचे चूर्ण मधुमेहावर घेतात हे आपल्याकडे कोणत्याही आजीला ठाऊक असते. मामा रोज सकाळी दोन मोठे चमचे मध घेऊ लागले, आणि औषध आहेच म्हणून गोळीकडे काणाडोळा करू लागले. महिन्याभराने रक्त तपासले तेव्हा डॉक्टर रागावले, आणि मामा आमच्यावर रागावले.

दुकानदाराचे बोलणे निव्वळ थाप म्हणून सोडून देता येत नाही, बरं का. त्यामागे फार जुना धागा आहे. आपल्या देशाला जंबुद्वीप म्हणत आणि संकल्पात ते नाव अजून येते, इतके हे झाड आपले. चरकसंहितेत मूत्राचे प्रमाण आवरणाऱ्या दहा औषधींचा एक गट आहे, त्यात जांभूळ आहे. प्रमेहाचे लक्षण म्हणून रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हेही त्या ग्रंथाने टिपून ठेवले आहे. आणि आता गंमत पाहा: त्या रोगाच्या उपचारांत मधही सांगितला आहे! पण कसा? काढ्याबरोबर, अनुपान म्हणून, बेताने. वाटीत ओतून नव्हे.

गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या ग्रंथात जांभळाचा उल्लेख आहे. आपला 'जांभूळ' पोर्तुगीजांच्या तोंडी 'जांबोलांव' झाला आणि झाडाबरोबर ब्राझीलपर्यंत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातले डॉक्टरही बियांचे चूर्ण मधुमेह्यांना देऊन पाहू लागले. १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि ते चूर्ण मागे पडले. बियांच्या अर्काने उंदरांच्या रक्तातली साखर उतरल्याच्या नोंदी आहेत. माणसांवरचे काटेकोर प्रयोग मात्र थोडे. ब्राझीलमध्ये पानांचा काढा तपासला, तर २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात त्याचा गुण दिसला नाही.

म्हणजे बियांविषयीही हात राखूनच बोलावे लागते. मग मधाचे काय? माशी फुलावर येते तेव्हा बी धरलेलेसुद्धा नसते. ती नेते तो फुलातला गोड रस. पोळ्यात त्यातले पाणी उडते, माशीच्या पोटातल्या पाचक रसाने साखरेची फोड होते, आणि शंभर ग्रॅम मधात जवळजवळ ऐंशी ग्रॅम साखर उरते. फूल जांभळाचे असो की हिरड्याचे, हा हिशेब फारसा बदलत नाही. बदलतो तो रंग, वास आणि चव.

या चवीसाठी मात्र मी जांभूळमधाची बाजू घेईन. पूर्वी रात्री धूर करून पोळे कापीत आणि फडक्यात पिळीत. मधाबरोबर अळ्या, मेण, पराग, सारेच त्यात उतरे आणि माशांची वसाहत उजाड होई. महाबळेश्वरला १९४६ पासून पेटीतल्या मधमाशापालनाचे काम सुरू झाले. १९५५ मध्ये मधपाळांची 'मधुसागर' ही सहकारी संस्था उभी राहिली. पुण्याला १९६२ मध्ये मधमाशांची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. पेटीतली चौकट यंत्रात फिरवून मध काढला की पोळे शाबूत राहते आणि माशी पुन्हा कामाला लागते. महाबळेश्वरजवळच्या मांघर गावात तर घरोघर पेट्या. २०२२ मध्ये त्याला 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला.

बाटलीवर 'जांभूळ' लिहिले म्हणून आत जांभूळच असेल असे नाही, हेही सांगून टाकतो. माशी काही एकाच झाडाशी बांधलेली नसते. खरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली होते: मधातल्या परागकणांपैकी साधारण ४५ टक्के एकाच वनस्पतीचे असले, तर तिचे नाव त्या मधाला देण्याची रीत आहे. घरी पाण्यात थेंब टाकून किंवा वात पेटवून हे कळत नाही.

मामांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत. बाटली त्यांनी फडताळात वरच्या फळीवर ठेवली होती. नातवंडांनी ती पोळीबरोबर निम्मी संपवली. उरलेल्या निम्म्या बाटलीवर मामीचा पहारा आहे, आणि तो मामांवर आहे, मुलांवर नाही.