झाड मोजायचं म्हणजे काय?
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



दहावीच्या भूमितीत ‘महत्त्वमापन’ हा धडा होता. वृत्तचितीचं घनफळ, पाय आर वर्ग एच. ‘हे पुढे कुठे लागणार?’ असं आपण कुरकुरत विचारायचो. झाडं मोजण्याच्या माझ्या कामात तेच सूत्र रोज लागतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी २,१४१ झाडं तोडली गेली. सगळ्यांच्या लक्षात राहिला तो हा आकडा. पण यादीत मनगटाएवढं झाडही ‘एक’ आणि कवेत न मावणारंही ‘एक’च.

हिशेब करून पाहू. खोडाचा व्यास १ मीटर, उंची ५ मीटर, तर घनफळ जवळजवळ ४ घनमीटर. रोप ३ सेंटिमीटर जाड आणि २ मीटर उंच धरा. अशी सुमारे २,८०० रोपं एकत्र केली, तर त्या एका खोडाइतकं लाकूड होतं. फांद्या वेगळ्याच! आपल्या राज्याच्या १९७५ च्या झाडांविषयीच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि झाडाचं जितकं वय, तितकी रोपं लावण्याची अट आली. वय धरलं हे चांगलंच. पण ६० वर्षांच्या झाडाची जागा ६० रोपं लगेच भरून काढत नाहीत.

मग नेमकं लाकूड कसं मोजायचं? पूर्वी झाड तोडून, वाळवून तोलत. नाहीतर छातीच्या उंचीवर घेर घेऊन ठरावीक सूत्रात घालत. आता तिपाईवर लेझर स्कॅनर ठेवतात. किरण झाडाला लागून परत येतो, त्यावरून अंतर कळतं. असे लाखो बिंदू झाडाच्या चहूबाजूंनी घेऊन जुळवले, की संगणकावर अख्खं झाड उभं राहतं. खोडात आणि फांद्यांत लहानमोठ्या वृत्तचिती बसवायच्या, घनफळांची बेरीज करायची आणि लाकडाच्या घनतेने गुणायचं. मिळतं ते कोरडं वजन. त्यातला साधारण निम्मा कार्बन.

ऑस्ट्रेलियात ६५ झाडं आधी स्कॅन करून मग तोडून तोलली. स्कॅनचा अंदाज सुमारे १० टक्के जास्त निघाला, जुन्या सूत्रांचा ३० ते ३७ टक्के कमी. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

यंत्रालाही मर्यादा आहेत. वाऱ्याने फांद्या हलल्या की बिंदू विस्कटतात, पानांआडचं लाकूड दिसत नाही, पोकळ खोड भरीव वाटतं. म्हणून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली सावर मोजायची तर ती निष्पर्ण असताना, जानेवारी-फेब्रुवारीत.

मित्रांनो, अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आपल्यातले बरेच जण आज सोसायट्यांच्या कमिट्यांवर आहेत. पुनर्विकासाचे कागद समोर येतील, तेव्हा ‘झाडं किती?’ एवढ्यावर थांबू नका. ‘केवढी?’ हेही विचारा. स्कॅनर नसला तरी टेप सगळ्यांकडे असते, आणि सूत्र तर आपल्या सरांनी पाठच करून घेतलंय.