पोतराज हे नाव आलं कुठून?

मंगळवारी किंवा शुक्रवारी नांदेड-लातूरकडच्या गल्लीत ढोलकं घुमू लागलं की पोरं दाराशी धावतात. उघडं अंग, कपाळभर हळदकुंकू, मोकळे केस, कमरेला रंगीत खणांचा घोळदार घागरा, पायांत घुंगरू, हातात कोरडा. सोबतच्या बाईच्या डोक्यावर मरीआईचा देव्हारा. पोतराज कोरडा हवेत फिरवून सटकन आपल्याच अंगावर ओढतो आणि घरातली बाई सुपात जोंधळे घेऊन येते.

मराठीत पोत म्हणजे देवीपुढे पाजळायची मशाल. म्हणून पोत धरणारा तो पोतराज, असं कानाला सहज पटतं. पण पोत गोंधळ्याचा; पोतराजाची खूण कोरडा.

उत्तर तेलुगूत आहे. तिथे ‘पोतु’ म्हणजे नर जनावर. ‘दुन्नपोतु’ म्हणजे आपला हल्या, ‘मेकपोतु’ म्हणजे बोकड. मरीआईला पूर्वी हल्याचा बळी देत, हे इथे आठवावं. याच ‘पोतु’वरून पोतुराजू, सात ग्रामदेवतांचा भाऊ आणि राखणदार. देगलूर, बिलोली, धर्माबादची शीव ओलांडली की तो आजही भेटतो. हैदराबादच्या आषाढातल्या बोनालूत अंगाला हळद फासून, कोरडा उडवत तो मिरवणुकीपुढे नाचतो. 1948 पर्यंत शिवेच्या दोन्हीकडचा हा मुलूख निजामाच्या एकाच राज्यात होता खरा. पण पोतराज पुण्या-साताऱ्याकडेही आहे, म्हणजे शब्द त्या राज्यापुरता थांबलेला नाही.

असे वेषधारी दूरदेशीही आहेत. बल्गेरियातले कुकेरी केसाळ कातडी पांघरून, कमरेला जड घंटा बांधून इडापीडा हाकलतात. त्यांच्या नावाचं मूळ काही अभ्यासक लॅटिनमधल्या टोपड्याच्या शब्दात शोधतात. तिथल्या पेर्निक भागातल्या अशाच मुखवट्यांच्या ‘सुर्वा’ सणाला 2015 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली.

पोतराजाच्या वाट्याला असा मान आला नाही. तेलुगूतला देवीचा भाऊ मराठीत देवीचा दास झाला. नावात राजा, पण पोट दारोदारच्या पसाभर धान्यावर. ही सेवा मातंग आणि महार घरांकडे आली. नवसापायी मुलगा मरीआईला सोडायचा, त्याच्या केसांना कात्री लावायची नाही. पार्थ पोळके यांनी ‘आभरान’मध्ये पोतराजाच्या घरातलं जगणं लिहिलं, आभरान हे त्या पोशाखाचंच नाव. आंबेडकरी चळवळीच्या प्रभावाने अनेकांनी जटा कापल्या, आभरान उतरवलं. ते योग्यच झालं. माणूस त्या ओझ्यातून सुटावा. गाणी आणि ढोलक्याचा ठेका मात्र हरवू नये. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठातल्या तेलुगू जाणणाऱ्या विद्यार्थ्यांनी शिवेच्या दोन्ही बाजूंची ही गाणी ध्वनिमुद्रित करून शेजारीशेजारी ऐकावीत. हे काम म्हातारे पोतराज आहेत तोवरच होईल.