हृदय : जेवढे येते, तेवढे देणारे



एका सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. साधक आसनावर स्थिर बसलेला असतो. तेवढ्या वेळात त्याच्या छातीतील हृदय, मिनिटाला ७२ ठोके धरले तर, ३,४५६ वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे जाते. हा हिशेब सुमारे २४० लिटरांचा होतो. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण रक्त मात्र पाच लिटरांच्या आसपासच असते. म्हणजे शरीर स्थिर असताना रक्ताच्या जवळजवळ ४८ फेऱ्या पूर्ण झालेल्या असतात.

असाच हिशेब मांडून इंग्लंडमधील विल्यम हार्वे या वैद्याने १६२८ साली एक जुनी समजूत मोडून काढली. अन्नापासून यकृतात नवे रक्त तयार होते आणि अवयव ते संपवून टाकतात, असे तोवर मानले जाई. तासाभरात एवढे रक्त तयार होणे अशक्य आहे. अर्थात गेलेले रक्तच परत येत असले पाहिजे, हे हार्वेने दाखवून दिले. जे परत येते तेच पुन्हा दिले जाते, हे हृदयाच्या कार्याचे मर्म आहे.

मुठीएवढ्या आकाराच्या या अवयवात चार कप्पे असतात : वर दोन अलिंदे, खाली दोन निलये. शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त उजव्या अलिंदातून उजव्या निलयात येते आणि तेथून फुप्फुसांकडे जाते. तेथे प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला येते आणि डावे निलय ते महाधमनीतून सर्व शरीरात पाठविते. कप्प्यांच्या दारांशी झडपा असतात. त्या एकाच दिशेने उघडतात, त्यामुळे रक्त मागे फिरत नाही. छातीला कान लावला असता ऐकू येणारा ध्वनी हा या झडपा मिटण्याचा असतो.

ठोक्याची आज्ञा मेंदूकडून येत नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील पेशींचा एक लहानसा पुंजका स्वतःच विद्युत्‌संदेश निर्माण करतो. त्याची स्वतःची गती मिनिटाला सुमारे १०० असते. मेंदूकडून येणारी एक मज्जा तिला लगाम घालते, म्हणून विश्रांतीच्या वेळी नाडी ७०च्या आसपास राहते. दुसऱ्या प्रकारच्या मज्जा प्रसंगी तीच गती वाढवितात. दोंडाईच्याच्या मिरची बाजारात पोते पाठीवर घेणाऱ्या हमालाचे हृदय मिनिटाला पाच लिटरांऐवजी त्याच्या दुप्पट-तिप्पट रक्त देऊ लागते, ते याच व्यवस्थेमुळे.

परंतु केवळ गती वाढवून भागत नाही. देण्यासाठी आधी रक्त परत यावे लागते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू शिरांना दाबतात आणि रक्त वर चढते. श्वास आत घेताना ते छातीकडे ओढले जाते. अधिक रक्त आल्याने निलयाची भिंत अधिक ताणली जाते, आणि जितकी ती ताणली जाते तितक्या जोराने ती आकुंचन पावते. ओटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या शास्त्रज्ञांच्या नावाने हा नियम ओळखला जातो.

या नियमाची साक्ष हृदयप्रत्यारोपणात मिळते. जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत झाले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पुढे शास्त्र प्रगत झाले, अवयवदानाचा कायदा १९९४ साली आला, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याच्या दात्याचे हृदय मुंबईत आणून यशस्वीपणे बसविण्यात आले. प्रत्यारोपण करताना हृदयाच्या मज्जा तोडाव्या लागतात. लगाम सुटल्याने नव्या हृदयाची नाडी विश्रांतीतही १००च्या आसपास असते. असा माणूस जिना चढू लागला, तर त्याची नाडी लगेच वाढत नाही. परंतु पायांतून अधिक रक्त परत येते आणि हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त देते. रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनलिनमुळे गती वाढते ती काही मिनिटांनी. मेंदूशी संबंध तुटलेले हृदयसुद्धा आलेले रक्त साठवून ठेवीत नाही. अपरिग्रहाचा असा दृष्टान्त प्रत्येक छातीत आहे.

हा विषय तपस्वी कुटुंबांच्या अगदी जवळचा आहे. वर्षीतपाचे पारणे अक्षयतृतीयेला असते, आणि आखाजीच्या त्या दिवसांत खानदेशात पारा ४० अंशांच्या वर असतो. घामावाटे पाणी जाते. तिविहार उपवासात दिवसा पाणी घेता येते, चौविहारात तेही नाही. शरीरातील पाणी घटले की रक्ताचे आकारमान घटते, हृदयाकडे परत येणारे रक्त कमी होते आणि नाडी जलद होऊन ती उणीव भरून काढू पाहते. बसलेला माणूस उभा राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे उतरते. मानेतील धमन्यांमधील दाबाची जाणीव ठेवणारी केंद्रे मेंदूला तत्काळ कळवितात, नाडी वाढते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. परंतु वृद्धांमध्ये हे कार्य मंदावते. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर अडचण अधिक. मग पहाटे आसनावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते.

म्हणून घरातील ज्येष्ठांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घ्यावा. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत आणि उपाशीपोटी तशाच चालूही ठेवू नयेत. पाण्याची मुभा असेल तेथे ते पुरेसे घ्यावे. आसनावरून उठताना क्षणभर थांबावे, आधार घ्यावा. घरच्यांनी जवळ असावे.

हृदयाच्या देण्यालाही मर्यादा असते. स्नायू दुबळा झाला की तो कितीही ताणला तरी पुरेसा जोर येत नाही. आलेले रक्त मागे तुंबते. पावलांवर सूज येते, उताणे निजल्यावर दम लागतो, रात्री उठून बसावे लागते. ही लक्षणे वयाची म्हणून सोडून देऊ नयेत. छातीत दाब आणि थंड घाम असेल, तर पित्त समजून घरी बसू नये. त्याच घटकेला रुग्णालय गाठावे.

तप हे देहाच्या आधाराने घडते. जन्माआधीपासून अखंड चालणाऱ्या या सेवकाकडे जेवढे येते तेवढेच तो देतो. त्याच्याकडे पुरेसे परत येत राहील, एवढी काळजी देह धारण करणाऱ्याने घ्यावयाची असते.