दहा मिनिटांत सुटेल

आज आवाज जरा बसलेला वाटेल, कारण रेकॉर्डिंग रात्री साडेअकराला करतेय आणि शेजारची पोरं आत्ता कुठे झोपलीत. मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की तू उरणची, तर लाँचवर एक एपिसोड कर ना. मी टाळत होते. का टाळत होते ते येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. उरणच्या मोरा बंदरातून मुंबईच्या भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. भाऊचा धक्का म्हणजे माझगावला, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या बाजूला. पाऊण-एक तासाचा प्रवास. पाण्यावरून सरळ रेषेत मुंबई समोर दिसते, रस्त्याने मात्र पूर्ण खाडीला वळसा. त्यामुळे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या माणसं लाँचनेच मुंबईला गेली. नोकरीला, कॉलेजला, मासळी विकायला, दवाखान्यात.

तर दवाखाना.

२०२२ ची थंडी. बाबांचं ऑपरेशन होतं, परळच्या एका हॉस्पिटलमध्ये, सकाळी साडेआठला आत नेणार होते. आई आदल्या दिवसापासून तिथेच. मी रात्री घरी थांबले, कारण आजीजवळ कोणीतरी हवं होतं आणि सकाळी शेजारच्या काकू येणार होत्या. बाबांनी फोनवर एवढंच सांगितलं, "साडेआठच्या आत ये. मला आत नेताना तू दिसलीस की बरं." बाबा असलं काही बोलणारे नाहीत. म्हणून ते लक्षात राहिलं.

सव्वासहाची लाँच वेळापत्रकात होती. मी पावणेसहालाच मोऱ्याला हजर. अंधार, गारवा, धक्क्यावर माझ्यासारखे सात-आठ जण. तिकीट खिडकीवर विचारलं तर उत्तर आलं, "दहा मिनिटांत सुटेल." सव्वासहा झाले. "दहा मिनिटांत." साडेसहा झाले. "हो हो, सुटतेय, दहा मिनिटं." तुम्ही कधी अशा दहा मिनिटांत अडकला असाल तर कळेल, त्यातून बाहेर पडता येत नाही. निघून जावं तर वाटतं, आपण वळलो आणि लाँच सुटली तर? एवढं थांबलोच आहोत, आता अजून दहा मिनिटं.

मग उजाडलं. आणि मला समोर दिसलं, की जिथे पाणी असायला हवं तिथे चिखल चकाकतोय. लाँच होती, लांब, थोड्याशा पाण्यात. ती हलूच शकत नव्हती. खिडकीतल्या माणसाला हे अंधारातही माहीत होतं.

त्या वेळी उरणची लोकल सुरू झालेली नव्हती. ती १२ जानेवारी २०२४ ला आली, अटल सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. पण जुईनगरची बस होती. पावणेसहाला कोणी मला म्हणालं असतं, "पोरी, आठच्या आधी लाँच नाही," तर मी बसने जुईनगर, तिथून लोकलने कुर्ला, गाडी बदलून परळ, सव्वाआठपर्यंत पोचले असते. धापा टाकत, पण पोचले असते.

पावणेआठला एक कोळीण मावशी आल्या. डोक्यावर सुकटीची टोपली, चाल एकदम निवांत. त्यांच्यामागून अजून दोघी-तिघी. मी चिडून म्हटलं, "मावशी, तुम्ही उशिरा आलात आणि तरी तुमची लाँच चुकली नाही." त्यांनी टोपली उतरवली, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "काल अवस झाली ना गो. सकालची ओहोटी. आता कुठं पानी चढल. येवढ्या लवकर येवून काय करतंस?"

म्हणजे बघा, रोजच्या माणसांपैकी पहाटे धक्क्यावर कोणीच नव्हतं. पहाटे आलो होतो ते आम्ही, भिंतीवरच्या वेळापत्रकावर विश्वास ठेवणारे.

लाँच आठ वीसला सुटली. भाऊचा धक्का नऊ दहा. टॅक्सी करून परळ, पावणेदहा. बाबा आत गेलेले. आईने एकटीने सह्या केल्या होत्या. ती बाकावर बसली होती आणि शेजारच्या जागेवर तिने तिची पिशवी ठेवली होती. पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "बस. जागा धरून ठेवली होती." दुसरं काही बोलली नाही. बाबा बरे झाले, आता ठणठणीत आहेत, काळजी करू नका. पण आत जाताना त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं, हे आईने मला वर्षभराने सांगितलं.

त्या दिवशी मावशींनी लाँचमध्ये मला एक हिशेब शिकवला. तो तुम्हालाही सांगते, मुंबई आणि कोकणपट्टीवर कुठेही उपयोगी पडेल. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जुन्या लोकांना पाऊणकीचा पाढा यायचा, आपल्याला कॅल्क्युलेटर आहे. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. आठ पाऊण सहा, अष्टमीला सहाच्या सुमाराला. पहाटेही आणि संध्याकाळीही, कारण दिवसातून दोनदा भरती येते. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून, पण बारात मिळवायचं, म्हणजे प्रतिपदेला भरती पाऊण वाजता. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, त्यातूनच हा हिशेब आलाय. अर्धा तास इकडे-तिकडे होतो, त्यामुळे यावर होडी हाकू नका. पण धक्क्यावर किती वाजता जायचं हे ठरवायला पुरतं.

आता यातली गंमत. गंमत कसली, त्रासच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. उधाणाला नुसती भरती मोठी येत नाही, ओहोटीही खोल जाते. मुंबईत तेव्हा दोन्हींमध्ये चार मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे एका मजल्याहून जास्त. अष्टमीच्या बाजूला भांग असतो, तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, लाँच बऱ्यापैकी चालतात. मग उधाणाच्या दिवसांत सगळ्यात खाली पाणी किती वाजता असतं? करा हिशेब. सकाळी साडेपाच-सहा ते साडेआठच्या दरम्यान कधीतरी, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच वेळेला. म्हणजे नेमकी ऑफिसला जायची आणि घरी यायची वेळ! पंधरवड्यातून तीन-चार दिवस हे ठरलेलं आहे. त्यात बंदरात गाळ. काढतात, परत भरतो, आणि पाणी उतरलं की लाँच अडकते.

मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. भरती-ओहोटी हा काही अचानक आलेला पाऊस नाही. अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची मोजणी होत आलीय. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी आगाऊ भरती-ओहोटीचे तक्ते छापतो. पुढच्या दिवाळीत कोणत्या संध्याकाळी मोऱ्याला पाणी नसेल हे आज सांगता येतं. आणि भिंतीवर मात्र बारा महिने एकच सव्वासहा.

लाँच उशिरा सुटली, असं आपण म्हणतो ना, मला ते पटेनासं झालंय. त्या सकाळी लाँच उशिरा नव्हतीच. पाणी आलं तशी ती सुटली. चुकीचा होता तो कागद.

हे मी नंतर एका तांडेलांशी बोलले. त्यांचं नाव घेत नाही, त्यांनी घेऊ नको म्हटलंय. म्हणाले, "ताई, शिव्या आम्हाला बसतात. पंखा गाळात गेला तर दुरुस्ती होईपर्यंत धंदा बंद, आणि मध्येच रुतली तर तुम्हीच व्हिडिओ काढणार." मी विचारलं, मग आधीच बोर्डवर लिहीत का नाही? ते हसले. "लिहिलं तर लोक येत नाहीत, बसने जातात. आणि लिहायचं कोणी? मला कोणी खडू दिलाय?" पहिल्या वाक्यात प्रामाणिकपणा होता, त्यामुळे मी वाद घातला नाही. पण दहा मिनिटं कुठून येतात ते मला त्या दिवशी कळलं. माणूस बसने जाऊ नये म्हणून ती असतात.

एक मात्र स्पष्ट सांगते, कारण कमेंटमध्ये कोणीतरी हमखास लिहिणार. हवामान खराब आहे म्हणून लाँच रद्द झाली तर मी कधीच भांडत नाही, तुम्हीही भांडू नका. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की घरी जायचं. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येची सकाळ, याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगडातल्या कितीतरी घरांत आजही त्या दिवसाची आठवण काढतात. त्यामुळे तांडेल "नाही" म्हणाला तर ते नाही मला चालतं, फक्त ते वेळेवर सांगा.

"आता ट्रेन आली, सेतू आला, लाँचचं काय रडतेस?" हेही ऐकलंय. ट्रेन आली हे खरंच चांगलं झालं, मीही जाते. पण सेतूवर बाईक आणि रिक्षा चालत नाहीत, आणि ज्याचं काम माझगाव-डोंगरीच्या पट्ट्यात आहे त्याला नेरूळवरून फिरून जाण्यापेक्षा लाँच सोपी. मावशींनी सुकटीची टोपली घेऊन किती गाड्या बदलायच्या? आणि लोकल उशिरा असली तरी इंडिकेटर असतो, अनाउन्समेंट होते. कंटाळवाणी असते, पण होते.

मोऱ्याच्या रोजच्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, मीही त्यात आहे. दर अमावास्येच्या आणि पौर्णिमेच्या आधी मी तक्ता बघून चार ओळी टाकते: कुठल्या दिवशी किती ते किती पाणी नसेल. मला वीस मिनिटं लागतात. मागे त्याच ओळी कोणीतरी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून तिकीट खिडकीशेजारी चिकटवल्या. मी जाऊन फोटो काढला. आठवड्याने गेले तर पान नव्हतं. वाऱ्याने गेलं की कोणी काढलं, माहीत नाही. आम्ही परत चिकटवलं. या वेळी सेलोटेप जास्त लावलीय.

तुमच्याकडे रेवस, करंजा, दाभोळ, आगरदांडा, कुठलीही जेट्टी असू दे, तिथल्या वेळापत्रकाचा फोटो आणि प्रत्यक्ष सुटलेली वेळ मला पाठवा. व्हॉइस नोट चालेल, पण दोन मिनिटांच्या आत, प्लीज, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. आणि ती पूर्ण ऐकली बरं का मी.

चला, पुढच्या आठवड्यात भेटू.