शेगडी, विजेची चूल आणि दुरुस्तीचा हात

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगलप्रसंगी तंजावरच्या सरस्वती महालाविषयी काही बोलावे, अशी आपली अपेक्षा असेल. त्या विषयाचे जाणकार या सभागृहात आहेत. मी पडलो कला शाखेचा पदवीधर आणि केंद्र सरकारचा नोकर. माझी हयात फायलींत गेली. म्हणून ज्या वस्तूशी आपला दिवसातून दोनदा संबंध येतो, तिच्याविषयीच, म्हणजे चुलीविषयी, चार शब्द बोलण्याचे मी योजिले आहे.

१ डिसेंबर २०१५ ची रात्र आपणांपैकी बहुतेकांना आठवत असेल. अड्यार नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि शहराचा मोठा भाग अंधारात बुडाला. आमचे बिऱ्हाड नदीपासून फार दूर नव्हते. सुदैवाने दुसऱ्या मजल्यावर होते. गॅसचा सिलिंडर दोन दिवसांपूर्वीच संपला होता. पण ‘इंडक्शनची चूल आहे, काळजी कशाला?’ अशा भ्रमात मी होतो. पुढे चार दिवस वीज आली नाही. आईचे वय अठ्ठ्याहत्तर, तिला मधुमेह; वेळेवर अन्न पोटात जाणे अगत्याचे. शेजारच्या मामींच्या घरी चार महिन्यांचे नातवंड, त्याला उकळलेले पाणी हवे.

तेव्हा आईने माळ्यावरची शेगडी काढायला सांगितली. साताऱ्याहून आणलेली, पत्र्याची, आतून मातीने लिंपलेली. दर बदलीच्या वेळी ही अडगळ टाकून द्यावी म्हणून मी तिच्याशी वाद घातला होता. मामींनी ती पाहताच ‘कुमुट्टी!’ असे आनंदाने उद्गार काढले. त्यांच्याही माहेरी ती होती. प्रश्न होता कोळशाचा. तो सोडवला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने. त्याची इस्त्री कोळशाची. त्याने दोन पोती जिन्यावर चढवून कोरडी राखली होती. उघड्या गच्चीच्या आडोशाला त्या शेगडीवर चार दिवस तीन कुटुंबांचा भात शिजला. एका जागी माती निखळली, ती आईने बोटाने लिंपली. दुरुस्ती झाली!

पाणी ओसरले, वीज आली. पण आमची इंडक्शनची चूल काही पेटेना. वीज परतताना दाब वरखाली झाला असावा. या चुलीत काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून अधिक आवर्तने करणारा प्रवाह वाहतो आणि भांड्याचा बुडच तापतो. उष्णता फारशी वाया जात नाही, धूर नाही, काजळी नाही. युक्ती खरोखर अलौकिक आहे. परंतु हा सारा संसार एका बोर्डावर आणि त्यावरील अंगठ्याएवढ्या एका भागावर अवलंबून. दुरुस्ती केंद्रात सांगण्यात आले, ‘बोर्ड गेला; बदलायचा तर नवी चूल घेतलेली बरी.’ अखेर रिची स्ट्रीटवरील एका तरुण कारागिराने तो जळालेला भाग तेवढा बदलून दिला. ती चूल पुढे सहा वर्षे चालली. म्हणजे चूल मेलेली नव्हती. तिला उघडणारा हात तेवढा हवा होता.

हा अनुभव एकट्या माझा नव्हे. २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची शेगडी बाजारात आली. तिच्यामागे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संशोधन होते. शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या, ज्यांना पेलेट म्हणतात, तिच्यात जळत आणि बॅटरीवरील छोटा पंखा त्यांना वारा घाली. धूर अगदी थोडा. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आपल्या तमिळनाडूतही ती विकली गेली. एकूण खप चार लाखांच्या वर गेला. पण पुढे कच्चा माल महागला, कांड्या महागल्या, आणि पुष्कळ घरांतून ती शेगडी बाजूला पडली. ज्वलनाचे शास्त्र उत्तम होते. मात्र इंधन, बॅटरी आणि पंखा यांपैकी कशाचाही तोडगा गृहिणीच्या हाती नव्हता.

याउलट, १९१० साली इंदुमाधव मल्लिक यांनी कलकत्त्यात काढलेला इकमिक कुकर आठवा. तळाशी थोडे निखारे, वर डब्यांची चळत. वाफेवर सारा स्वयंपाक. त्यात बिघडण्यासारखे होते काय?

मात्र मी कोळशाचा भाट नव्हे. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. बंद खोलीत शेगडी ठेवून निजणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. आपल्या आज्यांनी धुरात डोळे आणि फुप्फुसे झिजवली, त्याचे गोडवे गाणे हा कृतघ्नपणा होईल. नव्या चुली हव्यातच. माझे म्हणणे एवढेच, की यंत्राची विश्वासार्हता ते किती दिवस बिघडत नाही यावर जितकी ठरते, तितकीच बिघडल्यावर ते किती जवळच्या हाताने सुधारते यावरही ठरते. वस्तू घेताना आपण किंमत विचारतो, हमीची वर्षे विचारतो. ‘हिचा बोर्ड सुटा मिळतो का? ही उघडता येते का?’ हे विचारीत नाही. केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्याचे संकेतस्थळही सुरू केले. पण हक्क बजावणारा ग्राहक नसेल, तर तो कागदावरच राहतो, हे माझ्यासारख्या कागदात वावरणाऱ्याने सांगायला नको.

शेवटी मंडळापुढे दोन नम्र सूचना ठेवतो. आपल्या कोठीघरात दोन शेगड्या आणि कोरड्या कोळशाचे एक पोते कायम असावे. २०१६ चे वरदा आणि २०२३ चे मिचाँग, ही दोन्ही वादळे डिसेंबरातच आली. डिसेंबर दरवर्षी येतो. दुसरे, महिन्यातून एका रविवारी जाणत्या कारागिराला येथे बोलावून आपल्या मुलांना बिघडलेली यंत्रे उघडायला शिकवावे.

आई आता नाही. शेगडी आहे. गेल्या वर्षी तिची जाळी गंजली, तेव्हा नवी मी स्वतः बसवली. थोडी वाकडी बसली आहे, पण निखारा धरते.