पद्मिनीचे स्टिअरिंग



कुर्ल्याच्या कारखान्यात १९७८ साली तयार झालेली आमची ‘प्रीमियर पद्मिनी’ भिलाईच्या सेक्टरांतील रुंद रस्त्यांवर आजही धावते. परंतु सुपेल्याच्या बाजारात ती वळविणे वडिलांच्या दुखऱ्या खांद्यास असह्य झाले. गाडी विकावी, की स्टिअरिंगला विजेची मोटार जोडावी?

चालकाच्या हाताचा पीळ सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात मोटार जोर लावते, इतके हे तत्त्व सोपे आहे. अडचण निराळीच होती. आमच्या गाडीचा गियरचा दांडाही स्टिअरिंगच्याच खांबाला जडलेला; शिवाय मोटारीसाठी आतला दांडा कापणे आले. मिस्त्री वेल्डिंग करून देतो म्हणाला. आम्ही साफ नकार दिला. इंजिन बंद पडले तर गाडी ढकलता येते; हा दांडा तुटला तर काय करावे? (पोलादाच्या गावात वेल्डिंगची थोरवी ठाऊक असते, तशी मर्यादाही!) अखेर लेथवर दाते पाडून खाचेत बसणारा सांधा घडविला. उभ्या गाडीची चाके वळविताना मोटार तीस-चाळीस अँपिअर सहज ओढते. म्हणून डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला.

मग मुद्दाम फ्यूज काढून गाडी चालविली. स्टिअरिंग जड झाले, पण वळले. तेव्हा कोठे किल्ली वडिलांच्या हाती दिली. सिव्हिक सेंटरपर्यंत फेरी मारून आले आणि म्हणाले, गाडी पूर्वीसारखी भांडत नाही.